‘अधिक-उणे’ या चिन्हाचा अर्थ : भौतिकीतील मापन, त्रुटी आणि अनिश्चितता

महाविद्यालयातील भौतिकीच्या कोणत्याही प्रयोगवहीत प्रयोगाच्या अखेरीस ‘त्रुटींची कारणे’ असे एक उपशीर्षक आढळते. त्याखाली बहुधा तीन नोंदी असतात : मानवी त्रुटी, उपकरणातील त्रुटी, वातावरणाचा परिणाम. लंबकाचा प्रयोग असो, भिंगाचा असो की विद्युत्‌रोधाचा असो, या तीन नोंदींत फारसा फरक पडत नाही. त्यानंतर पुस्तकातील ‘खरे’ मूल्य आणि प्रयोगाने मिळालेले मूल्य यांतील फरक शेकड्यात काढून ‘शेकडा त्रुटी’ म्हणून लिहिला जातो, आणि तो दोन-तीनपेक्षा कमी भरला म्हणजे प्रयोग यशस्वी झाला असे समजले जाते. या रीतीत एक मूलभूत अडचण आहे. ज्या राशीचे मूल्य अद्याप कोणत्याच पुस्तकात छापलेले नाही, ती मोजणाऱ्याने काय करावे? संशोधन म्हटले म्हणजे तेथे उत्तरांचे पान नसते. स्वतःच्या मापनावर किती विसंबावे हे तेथे त्या मापनातूनच, आणि मोजणाऱ्याला इतर मार्गांनी जे ठाऊक असेल त्यातून, ठरवावे लागते. ‘अधिक-उणे’ या चिन्हापुढील आकडा हा त्या निर्णयाचा उच्चार होय. तो कसा काढावयाचा, आणि काढल्यावर त्याने नेमके काय सांगितले असे समजावयाचे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रारंभी शब्दांचा थोडा विचार करणे अवश्य आहे, कारण या विषयातील निम्मा घोटाळा शब्दांतून उत्पन्न होतो. ‘त्रुटी’ हा शब्द ‘त्रुट्’ म्हणजे तुटणे या धातूवरून आलेला असून मराठीतील ‘तूट’ हा त्याचाच आप्त आहे. जुन्या ज्योतिषग्रंथांत ‘त्रुटि’ हे कालाच्या अतिसूक्ष्म अंशाचे नाव होते. म्हणजे मूळ अर्थ तुकडा, अंश, उणेपणा असा. अपराधाचा त्यात मागमूस नाही. याउलट युरोपीय भाषांत या अर्थी रूढ झालेला ‘एरर’ हा शब्द लॅटिनमधील भटकणे या अर्थाच्या क्रियापदापासून निघालेला आहे. आपल्याकडील ‘भ्रम’ शब्दाची व्युत्पत्तीही ‘भ्रम्’ म्हणजे फिरणे, भटकणे अशीच आहे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुन्हा पुन्हा मोजले असता वाचने एका मूल्याभोवती भटकतात, हे चित्र या शब्दात नेमके उमटले आहे. ‘चूक’ हा शब्द मात्र वाट चुकणे, नेम चुकणे यांतला आहे. योग्य गोष्ट करता आली असती, ती झाली नाही, असा त्याचा रोख. ‘प्रमाद’ तर उघडच बेसावधपणा सुचवितो. या सर्व शब्दांसाठी प्रयोगवहीत एकच ‘त्रुटी’ शब्द वापरला जातो आणि मग विद्यार्थ्यास आपल्या वाचनांतील स्वाभाविक चढउतार हा आपलाच दोष वाटू लागतो. तो लपविण्याची प्रवृत्ती तेथूनच सुरू होते.

चुकीला ‘अधिक-उणे’च्या हिशेबात स्थान नाही. २०११ च्या सप्टेंबरात जिनिव्हानजीकच्या ‘सर्न’ या संस्थेतून इटलीतील ग्रान सास्सो येथे, सुमारे ७३० किलोमीटर अंतरावर, पाठविलेले न्यूट्रिनो कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतात, असा निष्कर्ष ‘ऑपेरा’ प्रयोगाच्या गटाने जाहीर केला. सांगितलेली अनिश्चितता त्या मानाने बरीच लहान होती. पुढे २०१२ मध्ये उलगडा झाला : कालमापनाच्या व्यवस्थेतील प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. सैल जोडणीची संभाव्यता कोणत्याही सूत्रात घालता येत नाही. ती शोधून दुरुस्त करावयाची असते. वाचन लिहिताना ४० च्या जागी ४१ लिहिणे, आंदोलने मोजताना एक कमी मोजणे, ही त्याच जातीची उदाहरणे होत. ‘मानवी त्रुटी’ या नोंदीत बहुधा याच चुका अभिप्रेत असतात, आणि ज्या ठाऊक आहेत त्या कारण म्हणून लिहून ठेवणे म्हणजे प्रयोग अपुरा सोडल्याची कबुली देणे होय.

चुका वगळल्यावर जे उरते त्याचे दोन भाग करण्याची परंपरा आहे. एकाच परिस्थितीत पुन्हा मोजले असता जे बदलते ती यादृच्छिक त्रुटी; आणि कितीही वेळा मोजले तरी जी त्याच दिशेने त्याच प्रमाणात राहते ती पद्धतशीर त्रुटी. हा दुसरा शब्द मराठीत दुर्दैवी म्हटला पाहिजे. ‘पद्धतशीर’ हे आपल्याकडे स्तुतीचे विशेषण आहे. पद्धतशीर माणूस म्हणजे टापटिपीचा माणूस. त्यामुळे पद्धतशीर त्रुटी ही काहीशी सभ्य, आटोक्यातली गोष्ट असावी असा ग्रह होतो. वस्तुतः ती दोहोंत अधिक धोक्याची आहे, कारण ती वाचनांत दिसतच नाही.

हा भेद एका परिचित प्रयोगावर पडताळून पाहू. साध्या लंबकाने गुरुत्वत्वरण काढावयाचे आहे. लंबकाची लांबी आधारबिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत १०० सें.मी. भरली, मीटरपट्टी आणि गोळ्याचा मध्य ठरविण्यातील अडचण ध्यानी घेता या लांबीची अनिश्चितता ०.१ सें.मी. मानली. वीस आंदोलनांचा काळ स्टॉपवॉचने पाच वेळा मोजला आणि पुढील वाचने मिळाली असे समजू : ४०.१, ४०.३, ४०.२, ४०.० व ४०.३ सेकंद. यांची सरासरी ४०.१८ सेकंद. प्रत्येक वाचनाचे सरासरीपासूनचे अंतर घेऊन त्याचा वर्ग केला, पाचही वर्गांची बेरीज केली, तर ती ०.०६८ येते. तिला पाचाने नव्हे, तर पाचातून एक वजा करून चाराने भागावयाचे, कारण सरासरी याच वाचनांतून काढलेली असल्याने पाच अंतरांपैकी चारच स्वतंत्र उरतात. भागाकार ०.०१७, त्याचे वर्गमूळ ०.१३ सेकंद. हे प्रमाण विचलन. एकेक वाचन सरासरीभोवती साधारणतः किती भटकते याचे ते माप आहे.

परंतु प्रयोगकर्त्याचा दावा एका वाचनाविषयी नसून सरासरीविषयी असतो. सरासरीत काही वाचनांचा अतिरेक दुसऱ्यांच्या उणिवेने फिटतो, म्हणून ती एकट्या वाचनापेक्षा स्थिर असते. किती स्थिर, याचे उत्तर वाचनसंख्येच्या वर्गमुळाने भागून मिळते. ०.१३ ला पाचाच्या वर्गमुळाने भागता ०.०५८, म्हणजे पूर्णांकित करून ०.०६ सेकंद. सरासरीची ही प्रमाण त्रुटी. येथे वर्गमूळ आहे हे विसरता कामा नये. त्रुटी निम्मी करावयाची तर चौपट वाचने घ्यावी लागतात, दशांश करावयाची तर शंभरपट. केवळ चिकाटीने मिळणारी अचूकता लवकरच महाग पडू लागते.

आता दोन्ही राशी एकत्र आणावयाच्या. गुरुत्वत्वरण लांबीच्या सम प्रमाणात आणि आंदोलनकालाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. लांबीतील अनिश्चितता शेकडा ०.१, काळातील शेकडा ०.१४५, परंतु काळ वर्गात असल्याने तिचा परिणाम दुप्पट, म्हणजे शेकडा ०.२९. या दोन आकड्यांची सरळ बेरीज का करावयाची नाही, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात आणि तो योग्यच आहे. लांबी मोजताना झालेला अतिरेक आणि काळ मोजताना झालेला अतिरेक यांचा परस्परांशी काही संबंध नाही. कधी ते एकमेकांत मिसळतील, कधी एकमेकांना कापतील. अशा स्वतंत्र त्रुटींचे वर्ग मिळवून बेरजेचे वर्गमूळ घ्यावयाचे असते. येथे ते शेकडा ०.३१ येते. गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९७८.१ निघते आणि त्यावरील अनिश्चितता ३. म्हणून निकाल ९७८ ± ३ सें.मी. प्रति सेकंद वर्ग असा लिहावयाचा. गणकयंत्रावर दिसणारे ९७८.१३७ हे सहाही आकडे उतरवून घेणे म्हणजे जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचे सांगणे होय. अनिश्चितताही एका, फार तर दोन अंकांतच लिहावी. पाच वाचनांवरून काढलेले प्रमाण विचलन स्वतःच सुमारे एक-तृतीयांशाने इकडेतिकडे असू शकते.

या निकालापुढे पुस्तकातील ‘खरे’ मूल्य ठेवून पाहावे. पुष्कळ विद्यार्थी ते ९८१ घेतात. हा आकडा ९८०.६६५ या मूल्यावरून आलेला असून ते १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने व्यवहारासाठी ठरवून दिलेले प्रमाण मूल्य आहे. समुद्रसपाटीला सुमारे ४५ अंश अक्षांशावर प्रत्यक्ष गुरुत्वत्वरण त्याच्या आसपास असते. विषुववृत्तावर ते ९७८.० आणि ध्रुवांवर ९८३.२ असते. मुंबईच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला ते सुमारे ९७८.६ येते, पुण्यासारख्या उंचावरील ठिकाणी त्याहून किंचित कमी. तेव्हा महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे ९७८ काढले आणि ते ९८१ शी ताडून ‘त्रुटी’ शेकडा ०.३ लिहिली, तर ती त्रुटी त्याची नव्हे, ताडण्यासाठी घेतलेल्या आकड्याची आहे. याहून वाईट म्हणजे वाचने ९८१ कडे झुकतील अशी निवडली जाणे. असे घडत नाही असे कोणीही शपथेवर सांगू शकणार नाही.

९७८ ± ३ हा निकाल आणखीही एक गोष्ट सांगतो. ९८१ हे मूल्य त्याच्या एका प्रमाण त्रुटीच्या कडेला येते. म्हणजे हा प्रयोग मुंबईचे गुरुत्व आणि पॅरिसचे गुरुत्व यांत भेद करण्याइतका तीक्ष्ण नाही. ही माहिती ‘अधिक-उणे’ने दिली, शेकडा त्रुटीने ती कधीच दिली नसती. आता प्रयोग कोठे सुधारावा, हेही त्यातूनच कळते. वीसऐवजी शंभर आंदोलने मोजली तर घड्याळ चालू-बंद करण्यातील ढिलाई तेवढीच राहते, परंतु मोजावयाचा काळ पाचपट होतो. काळाचा परिणाम शेकडा ०.०६ वर उतरतो आणि एकूण अनिश्चितता सुमारे १.१ होते. एवढ्याने ९८१ ला नकार देता येतो. त्यापुढे हजार आंदोलने मोजून काहीच साधणार नाही, कारण आता बहुतेक अनिश्चितता लांबीतून येत आहे. श्रम तिकडे वळविले पाहिजेत.

मात्र हा सर्व हिशेब एका गृहीतावर उभा आहे. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता दोन सें.मी. व्यासाच्या गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजली गेली, तर मूल्य ९६८ च्या आसपास येईल आणि पाच काय, पाचशे वाचने घेतली तरी ते तेथेच राहील. लंबक दहा अंशांपर्यंत झुलविला तर आंदोलनकाल शेकडा ०.१९ ने वाढतो, आणि नेहमीचे सूत्र वापरल्यास गुरुत्व ३.७ ने कमी भरते. वाचने परस्परांशी उत्तम जुळतील, प्रमाण त्रुटी देखणी येईल, आणि निकाल चुकीचा असेल. कोनाचा परिणाम सूत्राने दुरुस्त करता येतो, मध्य नीट मोजता येतो. परंतु ज्या परिणामाची कल्पनाच नाही त्याचे काय? याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण लंबकाचे नसून तेलाच्या थेंबांचे आहे.

रॉबर्ट मिलिकन यांनी शिकागो विद्यापीठात इलेक्ट्रॉनचा विद्युत्‌भार मोजण्यासाठी केलेला प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. दोन आडव्या धातुपट्ट्यांमध्ये तेलाचा सूक्ष्म थेंब सोडावयाचा. तो गुरुत्वाने खाली उतरताना त्याचा वेग मोजावयाचा. मग पट्ट्यांना विद्युत्‌दाब देऊन तो वर चढताना पुन्हा मोजावयाचा. थेंब इतका लहान असतो की त्याचा आकार सरळ मोजता येत नाही. तो उतरण्याच्या वेगावरून, हवेच्या श्यानतेच्या साहाय्याने, स्टोक्सच्या नियमाने काढावा लागतो. अतिसूक्ष्म थेंबांना हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही म्हणून मिलिकन यांनी त्यात दुरुस्तीही केली. १९१३ च्या प्रबंधात ५८ थेंबांवरून त्यांनी जे मूल्य दिले ते ४.७७४ ± ०.००९, आणि १९१७ मध्ये ४.७७४ ± ०.००५. (हे आकडे स्थिरविद्युत् एककात, दहाच्या उणे दहाव्या घाताने गुणलेले समजावेत.) म्हणजे हजारात एक इतकी अचूकता. १९२३ चे नोबेल पारितोषिक त्यांना ज्या कार्यासाठी मिळाले त्यात हा प्रयोग अग्रभागी होता. आज मान्य असलेले मूल्य याच एककात ४.८०३ आहे. फरक ०.०२९, १९१७ मध्ये सांगितलेल्या अनिश्चिततेच्या जवळजवळ सहापट.

मिलिकन निष्काळजी नव्हते. त्यांनी कोणते थेंब गणनेत घेतले आणि कोणते सोडले यावर पुढे, जेराल्ड होल्टन यांनी १९७८ मध्ये त्यांच्या प्रयोगवह्यांचा अभ्यास प्रसिद्ध केल्यानंतर, पुष्कळ वाद झाला. पण सहापट फरकाचे मूळ थेंबांच्या निवडीत नव्हते. ते हवेच्या श्यानतेत होते. थेंबाची त्रिज्या श्यानतेच्या वर्गमुळावर अवलंबून, आणि थेंबावरील हवेचा अवरोध त्रिज्या व श्यानता यांच्या गुणाकारावर. यामुळे विद्युत्‌भार श्यानतेच्या दीड घाताने बदलतो. श्यानतेत शेकडा ०.४ तूट असली की विद्युत्‌भारात शेकडा ०.६ तूट येते, आणि मिलिकन यांच्या मूल्यातील तूट नेमकी एवढीच आहे. श्यानतेचे मूल्य त्यांनी थेंबांवरून काढलेले नव्हते. ते त्या काळच्या स्वतंत्र मापनांतून घेतले होते.

येथे ५८ थेंबांचा विचार करावा. ५८ चे वर्गमूळ सुमारे ७.६. प्रत्येक थेंबाच्या वेळमापनातील भटकणे सरासरीत साडेसातपट कमी झाले हे खरे. परंतु सर्व थेंब एकाच हवेतून उतरले आणि सर्वांच्या गणनेत श्यानतेचा तोच आकडा बसला होता. ती तूट ५८ थेंबांनी वाटून घेतली नाही, ५८ ही थेंबांनी संपूर्ण उचलली. लांबी आणि काळ यांच्या त्रुटी स्वतंत्र असतात म्हणून त्यांचे वर्ग मिळवावयाचे, असे वर म्हटले. सामाईक त्रुटींना ती सवलत नाही. वर्गमुळाचे सूत्र लावण्यापूर्वी ‘ही वाचने कोणत्या बाबतीत परस्परांपासून खरोखर स्वतंत्र आहेत?’ हा प्रश्न विचारावा लागतो आणि त्याचे उत्तर गणित देत नाही.

हा दोष उघडकीस आला तोही थेंब आणखी मोजून नव्हे. स्फटिकांतील अणूंचे अंतर काढण्यासाठी अव्होगाड्रो संख्या लागे, ती इलेक्ट्रॉनच्या भारावरून काढली जाई, आणि त्या अंतरावरून क्ष-किरणांची तरंगलांबी ठरे. १९२५ च्या सुमारास क्ष-किरणांची तरंगलांबी रेषा कोरलेल्या जालकाने सरळ मोजता येऊ लागली आणि ती स्फटिकांवरून काढलेल्या तरंगलांबीशी जुळेना. फरक हजारात दोन एवढाच होता. परंतु या साखळीत विद्युत्‌भार घनमुळाने शिरत असल्याने त्याचा अर्थ भारात हजारात सहा असा होई. स्वीडनमधील उप्साला येथे बेकलिन यांनी १९२८ मध्ये या मार्गाने ४.७९३ असे मूल्य काढले. प्रथम काहींनी स्फटिकांच्या घडणीवर संशय घेतला, काहींनी जालकाच्या सिद्धांतावर. मिलिकन यांचा आकडा इतक्या सहजी हलणारा नव्हता. १९३२ मध्ये जपानी भौतिकीविद शिबा यांनी बोट श्यानतेकडे वळविले, आणि १९३५ च्या सुमारास केलस्ट्रॉम यांनी हवेची श्यानता नव्याने मोजली तेव्हा ती खरोखरच जुन्या आकड्याहून अधिक भरली. मिलिकन यांच्या थेंबांची वाचने तीच ठेवून केवळ श्यानता बदलली असता विद्युत्‌भार योग्य जागी आला. थेंबांवरील काम किती उत्तम होते याचीच ही साक्ष आहे. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ च्या एका भाषणात मिलिकननंतरची मूल्ये हळूहळूच वर सरकली, एकदम नाही, याकडे लक्ष वेधले होते : मान्य आकड्यापासून दूर गेलेले उत्तर आले की शास्त्रज्ञ दोष शोधत बसतो, जवळ आले की बसत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. लंबकाचे उत्तर ९८१ कडे नेणारा विद्यार्थी या बाबतीत एकटा नाही.

प्रकाशवेगाचा इतिहास याच वळणाचा आहे. १९४१ मध्ये बर्ज यांनी उपलब्ध मापनांचा परामर्श घेऊन सेकंदास २९९७७६ ± ४ किलोमीटर हे मूल्य दिले. आजचे मूल्य २९९७९२.४५८ आहे, म्हणजे चौपट अंतरावर. हेन्रियन आणि फिशहॉफ यांनी १९८६ मध्ये भौतिक स्थिरांकांच्या अशा जुन्या निकालांची पाहणी केली, तेव्हा शास्त्रज्ञ आपली अनिश्चितता सातत्याने कमी लेखतात असे दिसून आले. यात लबाडी गृहीत धरण्याचे कारण नाही. जे परिणाम सुचले ते हिशेबात धरले जातात, जे सुचले नाहीत ते शून्य धरले जातात, एवढेच.

या अनुभवांमुळे मापनशास्त्राची परिभाषाच विसाव्या शतकाच्या अखेरीस बदलली. १९९३ मध्ये प्रमाणीकरणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत त्रुटी आणि अनिश्चितता यांत काटेकोर भेद केला आहे. त्रुटी म्हणजे निकाल आणि खरे मूल्य यांतील फरक. खरे मूल्य अज्ञात असल्याने ती सांगता येत नाही. अनिश्चितता म्हणजे मोजलेल्या राशीची कोणकोणती मूल्ये वाजवीपणे संभवतात त्यांच्या विस्ताराचे माप. पहिली वस्तूची बाजू आहे, दुसरी ज्ञानाची. त्याच मार्गदर्शिकेत यादृच्छिक व पद्धतशीर या विभागणीऐवजी, अनिश्चितता कोणत्या मार्गाने काढली यावरून दोन प्रकार केले आहेत : वाचनांच्या सांख्यिकीवरून काढलेली, आणि अन्य माहितीवरून काढलेली, म्हणजे उपकरणाचे प्रमाणपत्र, पूर्वीची मापने, इतरांनी दिलेले स्थिरांक, अनुभव. लघुतम मापावरून येणारी अनिश्चितता दुसऱ्या प्रकारची. खरे मूल्य दोन खुणांच्या मध्ये कोठेही सारख्याच संभाव्यतेने असू शकते असे मानून, त्या अंतराच्या निम्म्याला तीनाच्या वर्गमुळाने भागून ती काढतात. मिलिकन यांची श्यानता याच दुसऱ्या प्रकारात मोडते. दोन्ही प्रकारांना समान मान देऊन वर्गांच्या बेरजेत घ्यावे, असा हा नियम आहे. त्याने अज्ञात परिणाम ज्ञात होत नाहीत. परंतु उसना घेतलेला प्रत्येक आकडा हिशेबात स्वतंत्र ओळीवर लिहावा लागतो, आणि तो कोणाचा व किती विश्वसनीय हे विचारावे लागते. प्रयोगवहीतील ‘त्रुटींची कारणे’ या सदराची जागा अशा ओळींच्या कोष्टकाने घेतली तर बरेच काही साधेल.

राहता राहिला ‘अधिक-उणे’ या चिन्हाचा अर्थ. तो सर्वत्र एकच असता तर बरे झाले असते. कारखान्यातील आराखड्यात हे चिन्ह सहन करावयाची मर्यादा दाखविते : तिच्याबाहेरचा नग बाद. भौतिकीत ते बहुधा एक प्रमाण अनिश्चितता दाखविते; वितरण गाउसच्या वक्राप्रमाणे असेल तर खरे मूल्य त्या पट्ट्यात असण्याचा संभव शंभरात सुमारे ६८, आणि दुप्पट पट्ट्यात सुमारे ९५. वाचने थोडी असतील तर दुपटीवर भागत नाही. पाच वाचनांना ९५ साठी २.७८ पट घ्यावी लागते, हे गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामावरून निघते. जुन्या प्रबंधांत तर ‘संभाव्य त्रुटी’ लिहिण्याची चाल होती, म्हणजे ज्याच्या आत-बाहेर असण्याचा संभव सारखाच असा पट्टा. तो प्रमाण त्रुटीच्या ०.६७ पट असतो. जुना आकडा वाचताना यांपैकी कोणती बोली बोलली जात आहे हे आधी पाहिले पाहिजे, आणि नवा लिहिताना ते स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

मराठी बोलणाऱ्याला ही गोष्ट अपरिचित वाटू नये. ‘वीसएक’, ‘दहा-बारा’, ‘जेमतेम शंभर’, ‘चांगले पन्नास’ या प्रयोगांत संख्येबरोबर तिच्याविषयीची खात्रीही सांगितली जाते. ‘जेमतेम’ने अनिश्चिततेची एक बाजू मिटते, ‘चांगले’ने दुसरी. ‘उणेअधिक’ हा तर पत्रव्यवहारातला जुनाच शब्द आहे. ‘वीसएक माणसे होती’ हे विधान माणसांविषयी जितके, तितकेच बोलणाऱ्याच्या माहितीविषयी असते. ९७८ ± ३ हेही तसेच विधान असून, फरक एवढाच की त्यात ‘एक’ या प्रत्ययाची किंमत हिशेबाने काढलेली आहे.

इलेक्ट्रॉनच्या भारापुढील ‘अधिक-उणे’ आता उरलेले नाही. २० मे २०१९ पासून आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत त्याचे मूल्य १.६०२१७६६३४ कूलंब (दहाच्या उणे एकोणिसाव्या घाताने गुणून) असे व्याख्येनेच निश्चित केलेले आहे, आणि त्यावरील अनिश्चितता शून्य आहे. हा आकडा कोणी तेवढ्या अचूकतेने मोजला असा याचा अर्थ नव्हे. विद्युत्‌प्रवाहाचे एकक त्याच्या आधारे ठरवावयाचे, असा तो करार आहे. ज्या अनिश्चिततेची येथून उचलबांगडी झाली ती निर्वात अवकाशाच्या चुंबकीय स्थिरांकाकडे गेली. १९४८ पासून व्याख्येने निश्चित असलेला तो स्थिरांक २०१९ पासून मोजावा लागतो, आणि कोष्टकात त्याच्यापुढे आता ‘अधिक-उणे’ छापलेले असते.